आखूड दावं

होडीला म्हशीसारखं बांधायचं नसतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तेही साऱ्या गावाच्या देखत आणि पाच नव्याकोऱ्या होड्या पाण्यात गेल्यावर. आज सांगताना हसू येतं, पण त्या सकाळी तोंड कुठं लपवू असं झालं होतं. घाट समितीची मी अध्यक्ष, आणि लपायला नदीत उतरावं म्हटलं तरी सोय नाही. मला पोहता येत नाही.

मी मूळची कोल्हापूर शहरातली, माहेर शिवाजी पेठेत. फुटबॉलच्या आरोळ्या ऐकत वाढले, त्यामुळं माझा आवाज हळू निघतच नाही. पुढं लाल गाडीवर कंडक्टर झाले. वीसेक वर्षं ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत माणसं हलवली. जुन्या गाडीत डोक्यावर घंटीची दोरी असायची. ती मी ओढल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही, मग आत कुणी का बसलेला असेना. त्या दोरीची फार गुर्मी होती मला, खोटं कशाला बोलू. मग गुडघ्यांनी मान टाकली, नोकरी लवकर सोडली आणि सासरच्या गावी येऊन राहिले. शिरोळच्या वाटेवर, पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. नवरा वारणानगरला नोकरीला, तो शनिवारी घरी यायचा. बाकीचे दिवस घरात मी आणि आत्ती. आत्ती म्हणजे माझी सासू.

चार महिन्यांत मी आत्तीला वीट आणला. भांडी कुठं पालथी घालायची, दार कधी लावायचं, चहात आलं किती, सगळ्यात माझं नाक. एक दिवस ती म्हणाली, “तुला वरडायला मानसं पायजेत. एकट्या माझ्यावर भागत न्हाय तुजं. जा की त्या घाटावर.”

घाट म्हणजे गावचा जुना दगडी घाट. ढासळलेल्या पायऱ्या मी आले त्याच वर्षी सरकारी निधीतून नव्यानं बांधून झाल्या. वर फरसबंदी, बसायला बाकडी, म्हाताऱ्यांना धरायला कठडा, होड्या लावायला पाण्यात पुढं गेलेला छोटा धक्का. पाच होड्याही मंजूर झालेल्या. आता हे सगळं चालवायचं कुणी, यावर ग्रामसभा बसली. शहरातला एक पावणा आला होता, पांढरे बूट घालून. त्यानं भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. घाटाला कमान, कमानीत दार, दारात तिकीटघर, वर हॉटेल. माणसं माना डोलवायला लागली. गाव पुढं जाणार म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

मी मात्र त्या दाराकडंच बघत होते. त्याचं कारण आत्ती. आम्ही बौद्ध. आत्तीच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आत्ती ह्या गावात यायचीच होती. ती लग्न होऊन आली तेव्हा कायदा होता, गावही तसं वाईट नव्हतं, ‘घाटावर येऊ नको’ असं तोंडानं कुणी तिला कधी म्हटलं नाही. पण आमच्या वस्तीतल्या बाया घाटाच्या खालच्या अंगाला उतरायच्या, जिथं म्हशी पाण्यात जातात तिथं. तिथंच धुणं, तिथंच पाणी. आत्ती अजूनही नदीवर गेली तर तिथंच जायची. मी किती वेळा म्हटलं, “आत्ती, चांगल्या पायऱ्या हायत, तिथनं उतरा की. घसरून पडशीला चिखलात.” ती म्हणायची, “मला हिकडची सवं हाय.” दार नसताना तिनं पन्नास वर्षं त्या घाटावर पाय टाकला नव्हता. आता खरोखरचं दार बसणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

मी उभी राहिले आणि गाडीतल्या आवाजात म्हटलं, “घाट गावाचा हाय. धुणं धुणारीनं बी तिथं यावं, म्हाताऱ्यानं बी बसावं आणि होडीत बी सगळ्यांनी बसावं. दार कशाला? नदीला कुणी दार लावतं का?”

सरपंचबाई शांत डोक्याची. ती म्हणाली, “मग तुम्ही चालवून दाखवा की.”

ठरलं ते असं. घाट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या समितीकडं. त्या दिवशी दुपारी घाटावर होड्यांची शर्यत घ्यायची, गाव पायऱ्यांवर बसून बघेल, आणि तिथंच हात वर करून ठरवेल. निभावलं तर घाट समितीकडं कायमचा, नाही तर पावण्याकडं. पावण्यानं मला हसून नमस्कार केला. मला तो नमस्कारच झोंबला.

समितीत मी आणि बचत गटातल्या पाच जणी. सगळ्या शेतकरणी, दारात दोन-तीन म्हशी असलेल्या. वल्हं कधी हातात धरलेलं नाही. म्हणून एक जाणता माणूस घेतला, नावाडीमामा. पूल व्हायच्या आधी नदीपलीकडं न्यायची नाव त्यांच्या घराण्याची होती. पूल झाला, फेऱ्या थांबल्या, पण मामांनी ती लाकडी नाव मोडली नाही. दरवर्षी तिला डांबर लावायचे आणि घाटाशेजारच्या उंबराला बांधून ठेवायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोलणं मोजकं, नजर सारखी पाण्यावर.

आत्ती त्यांच्याशी बोलायची नाही. भांडण नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “त्येच्या बापाच्या नावंत आमची फेरी शेवटची असायची. पाऊस असू दे, ऊन असू दे, पोटुशी बाई असू दे. सगळं गाव पलीकडं गेलं की मग आमी. ह्यो तवा कवळा पोरगा हुता, वल्ही मारायचा. त्येचा काय दोष न्हाय. पर बोलू काय त्येच्याशी?”

दसरा झाला आणि ट्रक भरून होड्या आल्या. काय सांगू त्या दिवसाची गंमत. लाल, पिवळी, निळी, हिरवी, केशरी. सोबत चाळीस लाइफ जॅकेटं. शाळा सुटल्यासारखं गाव नदीवर लोटलं. मी प्रत्येक होडीवर गाडीसारखा नंबर घातला. पायऱ्यांच्या वरच्या कडुलिंबाच्या फांदीला पितळी घंटी टांगली, तिला दोरी लावली आणि नियम केला: डबल बेल झाल्याशिवाय होडी सुटायची नाही. लोक हसले. हसू देत. पण पहिल्याच रविवारी रांग लागली. पेन्शनर, पाटलाच्या घरच्या बाया, वस्तीतली पोरंबाळं, नवी जोडपी. जोडपी लाजून मागं राहायची, त्यांना मी वरून हाक मारायची, “या की पुढं, लाजतासा काय, जॅकेट घातलं की सगळी सारखीच दिसत्यात.” संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा आणि मी आत्तीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आत्ती ऐकायची. यायची मात्र नाही.

आणि इथंच माझं डोकं हवेत गेलं.

होड्या वाऱ्यानं एकमेकींवर आपटायच्या, धक्क्याला घासायच्या. आठवड्यात तीन नंबरचा रंग खरवडला. मी पाची जणींना बोलावून सांगितलं, “दावी आखूड करा. नाक धक्क्याच्या कडीला टेकलं पायजे. हलायला जागाच ठेवू नका.” त्या पाची जणी गोठ्यातल्या. आखूड बांधणं त्यांच्या हातातच होतं. बघता बघता पाची होड्या एका ओळीत, दाव्याला बांधलेल्या दुभत्या म्हशींसारख्या गप उभ्या राहिल्या. मला बघून बरं वाटलं.

मामा उंबराखालनं उठून आले. “सूनबाई, मंगळवारी बरगे घालनार हायत. पानी चढंल. ढील सोडा.”

बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत बसवायच्या लोखंडी फळ्या. पावसाळ्यात त्या काढून ठेवतात आणि पाऊस सरला की बसवतात. मग पाणी बंधाऱ्यामागं तटतं आणि उसाला उन्हाळ्यापर्यंत पुरतं. हे मला ऐकून ठाऊक होतं. पण मी शहरातली. ऐकलेलं आणि कळलेलं यात फरक असतो, हे कुठं ठाऊक होतं?

“किती चढंल?” मी विचारलं.

“चढंल की छातीएवढं.”

“मामा, ढील दिली की आपटत्यात. रंग जातोय. मी वीस वर्षं गाड्या सांभाळल्यात.”

“गाडी न्हवं ही,” ते म्हणाले.

एवढंच म्हणाले हो. पण पाची जणी बघत होत्या, बाकड्यावरचे पेन्शनर बघत होते, आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. “तुमच्या बापाच्या नावंचे दिवस गेले मामा. कुणाला कधी न्यायचं आणि कसं बांधायचं ते आता समिती ठरवणार.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. हातातली वेळूची काठी उंबराला टेकवली आणि घरी गेले. मी खाली वाकून एक गाठ आणखी आवळली.

मंगळवारी बरगे बसले. बुधवारी सकाळी मी घाटावर गेले तर वरच्या पायरीवर पाची जणी एका जागी उभ्या होत्या. पाणी चढलं होतं. खालच्या पायऱ्या गेल्या होत्या, धक्का पाण्याखाली गेला होता. आणि माझ्या होड्या? नाकं खाली कडीला अडकलेली, पाण्याखाली, आणि मागची टोकं वर आलेली. पाण्यानं त्यांना उचलायचा जीव तोडून प्रयत्न केला होता आणि दाव्यांनी सोडलं नव्हतं. दोन नंबरची कडीच उपटून निघाली होती, ती भोक पडलेल्या नाकानं बंधाऱ्याच्या खांबाला जाऊन टेकली होती. तीन आणि पाच नंबरला काठाशी हात जाईल एवढी चीर. शेजारी उंबराला मामांची डांबर लावलेली काळी नाव निवांत तरंगत होती. तिचं दावं लांबलचक होतं.

सगळ्यात मोठी शरमेची गोष्ट पुढं आहे. बरगे बसणार म्हणून त्या पाची जणींनी सोमवारीच आपापल्या उसाला पाणी उपसायच्या मोटारी काठावर वर ओढून घेतल्या होत्या. एकीचीही मोटार बुडाली नव्हती. पाणी चढणार हे पाची जणींना ठाऊक होतं.

“मग मला बोलला का न्हाईसा?” मी ओरडले.

त्यातली थोरली हळूच म्हणाली, “मोटारीचं आमच्या ध्यानात हुतं. होडीचं बी आलं हुतं मनात. पर तुमी मामास्नी बोललासा, मग आमी काय बोलनार?”

मी पायरीवर बसले आणि रडले. तोंडाला पदर लावून नव्हे, चांगली मोठ्यानं रडले. त्या दुपारी पांढऱ्या बुटांवाला पावणा घाटावर टेप घेऊन आला. कमानीच्या जागेचं माप घेतलं, मला नमस्कार केला. पौर्णिमेला सहा दिवस होते.

होड्या दुरुस्त करणारा माणूस कोल्हापुरातनं येऊन बघून गेला. दोन चालतील, तीन पंधरा दिवसांशिवाय नाहीत. दोन होड्यांत कसली शर्यत? मी संध्याकाळी मामांच्या दारात गेले. ते ओट्यावर बसून दोरी वळत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “मामा, माझं चुकलं. बांधण्यात बी चुकलं आणि बोलण्यात बी. बापाचं काढायला नको होतं.”

मामांनी वळलेली दोरी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, “म्हस पळून जाऊ ने म्हनून बांदत्यात. होडी बुडू ने म्हनून बांदायची. दोनीची गाठ येगळी.” मामींनी चहा आणला. कप खाली ठेवत मामांनी विचारलं, “तुजी सासू काय म्हनती?”

“त्या तुमच्याशी बोलत न्हाईत. ठाऊक हाय की तुम्हाला.”

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “येतो मी. पर घाट तुमाला मिळाला तर पयली फेरी माज्या नावंची. आनि तीत कोन बसायचं ते मी सांगनार, समिती न्हाय.”

पहिल्या फेरीत सरपंचबाई बसणार, हार घालायचा, फोटो काढायचा, असं सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. तरी मी मान हलवली. नाही म्हणायला माझ्याकडं तोंड होतं का?

घरी येऊन आत्तीला सांगितलं. शर्यतीला होड्या कुठनं आणू म्हणून कपाळाला हात लावून बसले. आत्ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “पुरात आपली वस्ती बुडाली तवा आमाला कशानं भाईर काडलं?”

“कशानं?”

“काहिलीनं.”

काहील म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवायची भली मोठी लोखंडी कढई. अंगणाएवढं तोंड, उथळ, चार-पाच माणसं आरामात बसतात. पुराच्या वेळी आमच्याकडं होडी मिळो न मिळो, काहील पाण्यात पडतेच. “त्या काहिलीत पाटलीन बी हुती आनि मी बी हुते,” आत्ती म्हणाली, “मांडीला मांडी लावून. तवा कुनी इचारलं न्हाय फेरी कुनाची.” भाकरी तव्यात टाकली आणि म्हणाली, “गुऱ्हाळं अजून पेटायची हायत. इचार जा.”

माझं टाळकं ठिकाणावर आल्यासारखं झालं. जेवण तसंच ठेवून उठणार होते, आत्तीनं हाताला धरून बसवलं आणि आधी जेवायला घातलं.

दुसऱ्या दिवशी मी चार गुऱ्हाळं पालथी घातली. गुऱ्हाळं आठवड्याभरात पेटणार होती, काहिली घासून लख्ख करून ठेवलेल्या. एक मालक म्हणाला, “काहिलीत गूळ शिजतोय बाई, त्यात तुम्ही बायका-पोरं घालणार व्हय?” मी म्हटलं, “पुरात घातली तवा गूळ आळणी झालता काय?” तो हसला आणि दोन देतो म्हणाला. त्याचा गूळ शिजवणारा गुळव्या म्हातारा तर म्हणाला, “काहील देतो, पर आमची बी टोळी शर्यतीत धरा.” रात्र पडायच्या आत सहा काहिली ठरल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं त्या पालथ्या घालून गावातनं निघाल्या तेव्हा माणसं दारात येऊन उभी राहिली.

पण काहिलीला नाक नाही आणि शेपूट नाही. वल्हं मारलं की ती पुढं जातच नाही, जागच्या जागी गरगरते. पहिल्या दिवशी तालमीची पोरं अर्धा तास फिरत राहिली आणि बाहेर येऊन काठावर आडवी पडली. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून शिकवायचे. चौघं चार बाजूंना, समोरासमोरच्या दोघांनी एकदम मारायचं, उरलेल्या दोघांनी रोखायचं, पाचव्यानं मधोमध गप बसायचं. गप बसणारा माणूस मिळेना. वल्ही म्हणून गूळ हलवायची लांब लाकडी फावडी. सगळ्यांना जॅकेट, मामांच्या नावेत पोहणारे तिघं कायम तयार, हा माझा नियम. तो मात्र मामांनी बदलला नाही.

तिसऱ्या दिवशी मलाही बसवलं. पोहता येत नाही म्हणून सांगितलं तर थोरली म्हणाली, “जॅकेट घाला की. तुमीच म्हनतासा, जॅकेट घातलं की सगळी सारखीच.” मी काहिलीचा काठ दोन्ही हातांनी धरून बसले. गरगरलं आणि मग एकदम काहील सरळ निघाली. काय वाटलं म्हणून सांगू. पेठेत आमच्या टीमनं शेवटच्या मिनिटाला गोल केला की जी आरोळी उठायची, तीच माझ्या तोंडातनं निघाली. मामा पाण्यात उभ्या उभ्या हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

पौर्णिमेच्या दुपारी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावातली माणसं, पुलावर गाड्या थांबवून उभी राहिलेली माणसं, उंबरावर चढलेली पोरं. पंचांसाठी दोन चालत्या होड्या आणि शर्यतीला सहा काहिली, पायऱ्यांच्या कठड्याला बांधलेल्या, सगळ्यांना सैल दावं. माझ्या माहेरच्या पेठेतली फुटबॉलची पोरं मी मुद्दाम बोलावली होती. आल्या आल्या त्यांनी असा रुबाब केला की जसा काय कप त्यांनी घरीच नेऊन ठेवलाय. मी डबल बेल दिली. पेठेची काहील तीनदा गरगरली, मागं तोंड करून उलट्या दिशेनं निघाली आणि थेट म्हशींच्या कळपात घुसली. पायऱ्यांवरचं गाव हसून हसून बेजार झालं. तालमीची पोरं आणि मास्तरमंडळी एकमेकांना धडकली. आमच्या पाची जणी सरळ निघाल्या. चौघी वल्ह्यावर आणि थोरली मधोमध गप बसलेली, जवळजवळ पोचल्याच. पण गुळव्याची टोळी कडेनं सरसर आली आणि पुढं गेली. जन्मभर ज्यांनी काहिलीभोवती दिवस काढले त्यांना काहील ऐकणार नाही तर कुणाला? आम्ही दुसऱ्या. माझा आवाज तोवर पार गेला होता.

मग सरपंचबाईनं माईक घेतला. पावणा आधी बोलला. शांतपणे बोलला. शर्यत छान झाली म्हणाला, पण गावानं विसरू नये, पंधरवडा झाला नाही तोवर समितीनं पाच होड्या बुडवल्या, उद्या माणूस बुडालं तर जबाबदार कोण? खोटं काही नव्हतं त्यात. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. माईक माझ्या हातात आला तेव्हा माझ्याकडं फुटका आवाज होता.

“होड्या समितीनं न्हाय बुडवल्या,” मी म्हटलं. “मी बुडवल्या. मामांनी ढील सोडा म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना बोलले. समितीतल्या बायकांना बी ठाऊक होतं, पण माझ्या तोंडाला भिऊन त्या बोलल्या न्हाईत. म्हणून आजपासनं दावं बांधायचं ते मामा सांगतील तसं. आणि मी चुकले तर कुणीबी तोंडावर सांगायचं. घाट ज्याला द्यायचा त्याला द्या. फक्त दार बसवू नका.”

पहिला हात गुळव्याचा वर गेला. मग मामांचा. मग पायरीपायरीनं इतके हात वर गेले की सरपंचबाईनं मोजायचं सोडून दिलं. पावण्यानं मला पुन्हा नमस्कार केला. या वेळी मी नीट परत केला.

हलगी वाजायला लागली. सरपंचबाई हार घेऊन पुढं आली, फोटोवाला सरसावला, आणि मामांनी आपली काळी नाव सोडली. पण पायऱ्यांना लावली नाही. काठीनं रेटत खाली नेली, म्हशींच्या अंगाला. तिथं चिखलात, पांढरं लुगडं गुडघ्याशी धरून आत्ती उभी होती. शर्यत बघायला आली होती ती, आपल्या नेहमीच्या जागेवरनं. मला पत्ताच नव्हता.

हलगी थांबली. मामा नावेत उभे राहून म्हणाले, “पयली फेरी हाय. चला, वैनी.”

आत्ती त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती पाठ फिरवून घरी जाते.

“हितनं न्हाय बसायची,” ती म्हणाली. “पायऱ्यांवरनं बसते. आन तिकडं.”

आणि ती निघाली. काठाकाठानं वर आली, फरसबंदीवर आली, गर्दीनं वाट केली. वरच्या पायरीवर थांबून तिनं पायाचा चिखल दगडाला पुसला. मग कठडा न धरता एकेक पायरी उतरायला लागली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी खाली पाण्याजवळच्या पायरीवर मामांच्या नावेचं दावं धरून उभी होते आणि मला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. मामांनी हात पुढं केला. तिनं तो धरला, आत पाय टाकला, मधल्या फळीवर बसली आणि लुगडं सारखं केलं. मी तिला जॅकेट चढवलं, बंद आवळले, पुन्हा तपासले. पाण्यात वाकू नका, हलू नका, काठ धरा, सगळं सांगितलं. मामांनी काठी टेकवली, रेटली. नाव हलेना.

आत्तीनं मागं वळून माझ्या हाताकडं बघितलं. दावं मी दोन्ही मुठीत गच्च धरलं होतं.

“सोड की गं,” ती म्हणाली. “किती आखूड धरतीयास.”

मी दावं सोडलं. नाव पाण्यात लांब गेली तेव्हा ध्यानात आलं, डबल बेल राहिलीच, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून मी लिंबाखालची घंटी दोनदा वाजवली.